बट्टा, घट आणि कडीचा डाग

आज्जीच्या डब्यात एक राणीछाप रुपया होता. वरच्या कडेला कडी जोडताना दिलेल्या डागाचा काळपट गोळा, राणीच्या नाकाचा पत्ता नाही, मागची वेलबुट्टी सपाट. बेळगावजवळच्या शहापुरात एका सराफाला दाखवला तेव्हा त्यानं आधी काट्यावर टाकला: ११.२० ग्रॅम. मग राणीकडं न बघताच म्हणाला, "कडी बसलीया. मोडीचा भाव मिळंल." म्हणजे नाण्याचा नाही, नुसत्या चांदीचा. उत्तर चुकीचं नव्हतं. पण हा वजनाचा हिशेब कुठून आला, हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

१८३५ च्या आधी 'रुपया' म्हणजे एकच नाणं असं इकडं नव्हतंच. बेळगावला मुघली अमदानीत आझमनगर म्हणत. 'आझमनगर गोकाक' असं टांकसाळीचं नाव असलेले मराठा काळातले रुपये याच मुलखातले मानले जातात. शहापूरचा शहापुरी, बागलकोटचा मल्हारशाही, पुण्याकडचा अंकुशी, वर हैदराबादचे वेगळेच. मुलूखही तसाच तुकड्यातुकड्यांचा होता. १८१८ ला बेळगावचा किल्ला इंग्रजांकडं गेला, पण त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं राहिलं, तेही थेट १९४८ पर्यंत. रायबाग कोल्हापूरचं, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. एवढ्या हद्दी ओलांडत फिरणाऱ्या पैशाला पारखी लागणारच. कस म्हणजे चांदीचं प्रमाण किती, झीज किती, नाणं कुठल्या गावचं, यावर सराफ बट्टा म्हणजे वजावट कापायचा. संशय आला तर टोच्यानं खूण मारायचा आणि आतली चांदी बघायचा. आज अशा खुणा दिसल्या की लोक नाणं 'खराब' म्हणतात. मला त्या आवडतात: कुणीतरी हे नाणं तपासून घेतलं होतं, त्याची ती पावती आहे. बाजारात मात्र त्यानं किंमत उतरते, ती उतरतेच.

या हातघडणीच्या रुपयांत आणखी एक गोम आहे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळं मुघल बादशहा शहा आलमचं नाव अर्धं, टांकसाळीचं अर्धं, साल तर कित्येकदा चकतीबाहेरच राहिलेलं. ते झिजलेलं नसतं, उमटलेलंच नसतं. हा फरक ओळखता आला नाही तर चांगला रुपया मोडीत जातो. अक्षराची कड धारदार असेल आणि मजकूर मधेच तुटला असेल तर तो ठशाचा दोष. अक्षरं जागेवर असून गुळगुळीत झाली असतील तर झीज. हातघडणीच्या नाण्यावर टांकसाळीची खूण तेवढी शाबूत राहिली तरी बाकी अंग गेलेलं चालतं.

१८३५ ला कंपनी सरकारनं एकसारखा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया काढला: ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी. वजन बरोबर एक तोळा. त्यामुळं रुपया हेच वजन होऊन बसलं. 'रुपयाभार' हा शब्द त्यातलाच. ८० रुपयेभार म्हणजे शेर. झिजलेला रुपया तागडीत वजन म्हणून टाकला की सोसायचं गिऱ्हाइकानं! सरकारलाही झिजेची मर्यादा घालावी लागली. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंतची तूट चालत होती, म्हणजे साधारण पाव ग्रॅमला थोडी कमीच. आज्जीचा रुपया जवळजवळ अर्धा ग्रॅम उतरलेला, आणि त्यात डागाची भर आहे. खरी घट त्याहून जास्त.

सराफाचं मोडीचं गणित साधं आहे: वजन गुणिले कस, वजा वितळवताना होणारी घट. पण कस कुठल्या सालचा, हे बघायलाच हवं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. बाकी तांबं, निकेल, जस्त. १९४७ च्या, मागं वाघ असलेल्या रुपयात चांदीच नाही, तो निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटतो. राजाचं तोंड तेच म्हणून चांदीचा आणि निकेलचा दोन्ही एका भावानं विकायला नेणारे अजून भेटतात.

सालाचं महत्त्व इथं संपत नाही. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली. जाणकार त्याला 'पिग रुपी' म्हणतात. झिजलेल्या नाण्यावर हत्तीची सोंड लवकर पुसट होते, म्हणून १९१२ पासूनचा साधा रुपयाही 'पिग' म्हणून पुढं केला जातो. प्राण्याकडं बघू नये, मागचं साल वाचावं. आणि असा दुर्मिळ रुपया झिजलेला असला तरी मोडीत घालू नये.

आता कडी. रुपयाची माळ करायची म्हणून कडी लावायची, भोक पाडायचं, कधी सोन्याचं पाणी द्यायचं. संग्राहक अशा नाण्याला हात लावायला कचरतो. त्याहून मोठं नुकसान लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी होतं. चिंच आणि राखेनं घासून चकचकीत केलेल्या नाण्याची काळसर जुनी कांती जाते आणि अक्षरांच्या कडाही उतरतात. आमच्या घरी दरवर्षी हेच व्हायचं, मी स्वतः घासलेत. धूळ असेल तर साध्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपावं, एवढंच.

आज्जीच्या रुपयावर १८६२ आहे. ते साल मुंबई टांकसाळीनं पुढची बरीच वर्षं तसंच ठेवलं होतं आणि नाणं नक्की कधीचं ते छोट्या ठिपक्यांनी दाखवलं. ते मोजल्याशिवाय खरं वर्ष कळत नाही. परवा भिंग लावून बसलो. सालाच्या खाली दोन ठिपके नक्की दिसतात. शेजारी तिसरा आहे, की माझ्याच हातच्या राखेचा ओरखडा, ते अजून ठरत नाही.