व्हॉल्युमेट्रिक कॅप्चर आणि आभासी वास्तवातील मुक्त संचार

व्हॉल्युमेट्रिक कॅप्चर : माणूस, वस्तू किंवा घडणारा प्रसंग एकाच बाजूने न टिपता चहूबाजूंनी, त्याच्या लांबी-रुंदी-खोलीसह नोंदवण्याचे तंत्र. अशी नोंद व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या उपकरणात, उघडली की प्रेक्षकाला तिच्याभोवती फिरता येते, वाकून पाहता येते, जवळ जाता येते. या मोकळिकीला मुक्त संचार म्हणतात. मराठीत ‘घनचित्रण’ हा शब्द चालण्याजोगा आहे. काम करणारी मंडळी मात्र नुसते ‘व्हॉल्युमेट्रिक’ म्हणून मोकळी होतात.

छायाचित्र आणि घनचित्रण यांतला फरक बेळगावच्या गल्लीतल्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला की येणारा-जाणारा आधी तो उभ्याने पाहतो, मग उकिडवा बसून दरवाजातून आत डोकावतो, मग मागे जाऊन चोरवाट शोधतो. त्याच किल्ल्याचा मोबाइलवरचा फोटो कितीही मोठा करा, बुरुजाआड उभा केलेला मावळा काही दिसत नाही.

३६० अंशांचा व्हिडिओ या दोहोंच्या मधला, आणि बराचसा घोळ त्यानेच घातला आहे. त्यात प्रेक्षक जणू एका पोकळ चेंडूच्या मधोमध बसतो आणि चित्र चेंडूच्या आतल्या बाजूला रंगवलेले असते. मान वळवणे, वर-खाली करणे आणि खांद्याकडे कलती करणे, एवढ्या तीनच हालचाली यंत्राला समजतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे किंवा खाली-वर सरकले तर चेंडूही सोबत सरकतो. या उरलेल्या तीन हालचाली मिळाल्या की एकूण सहा होतात. यालाच या क्षेत्रात ‘सिक्स डॉफ’ (सिक्स डिग्रीज ऑफ फ्रीडम) म्हणतात. २०१४ चे गुगल कार्डबोर्ड हे मोबाइल घालून वापरायचे पुठ्ठ्याचे हेडसेट तीन हालचालींवर थांबले होते. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटनी घरगुती वापरात सहा आणल्या, पण खोलीत वेगळे सेन्सर मांडावे लागत. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टने हेडसेटवरच्याच कॅमेऱ्यांनी स्वतःची जागा ओळखायला सुरुवात केली. हेडसेट सहा हालचाली ओळखू लागला तरी आत ३६० अंशांचा व्हिडिओ लावला असेल तर त्यांतल्या तीन वाया जातात, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

सरकण्याला एवढे महत्त्व का, ते बेळगावच्या भुईकोट किल्ल्यातील कमल बस्तीत कळते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेल्या या जैन मंदिराच्या छतातून दगडी कमळ खाली झुकले आहे. त्याच्याखाली उभे राहून नुसती मान फिरवली तर नक्षी दिसते. अर्धे पाऊल बाजूला झालात की जवळची पाकळी दूरच्या पाकळीवरून सरकते आणि कमळ लोंबते आहे हे डोळ्यांना पटते. जवळच्या आणि दूरच्या गोष्टींच्या या असमान सरकण्याला पराशय म्हणतात. दोन डोळ्यांमधले सुमारे ६३ मिलिमीटरचे अंतर खोलीची थोडी जाण देते, पण खरी भिस्त डोक्याच्या हालचालीवर असते.

स्थिर वास्तू टिपणे आता तुलनेने सोपे झाले आहे. शे-दोनशे छायाचित्रे एकमेकांवर चढतील अशी काढायची, त्यांतले समान बिंदू जुळवून संगणकाने आकार बांधायचा, ही फोटोग्रॅमेट्री. खानापूर तालुक्यातील हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या भिंती अशा पद्धतीला सहज वश होतील. कमल बस्तीचे घोटीव खांब मात्र चकवतात : त्यांच्यावरची चकाकी पाहणाऱ्याबरोबर जागा बदलते, आणि संगणक तिलाच खांबावरची खूण समजून बसतो. २०२० मध्ये मांडल्या गेलेल्या नर्फ (न्यूरल रेडियन्स फील्ड) पद्धतीत अवकाशातला प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेने कोणत्या रंगाचा दिसेल हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक-प्रणाली, शिकते, त्यामुळे चकाकी बरीच सांभाळली जाते. २०२३ च्या गॉशियन स्प्लॅटिंगने तेच काम लाखो अर्धपारदर्शक ठिपक्यांवर सोपवले, आणि चित्र हलत्या नजरेबरोबर तत्क्षणी उमटू लागले.

हलत्या माणसाचे घनचित्रण या दोन नव्या पद्धतींहून जुने आणि फार खर्चिक. कार्नेगी मेलन विद्यापीठात ताकेओ कानादे यांच्या गटाने १९९५ च्या सुमारास पाच मीटर व्यासाच्या घुमटावर ५१ कॅमेरे बसवले होते. २००१ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मैदानाभोवती सुमारे तीस कॅमेरे लावून खेळाडूभोवती गरकन फिरणारे दृश्य दाखवले गेले. ते खरे घनचित्रण नव्हते, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी होती. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी १०६ कॅमेऱ्यांची मांडणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाची सेकंदाला ३० चित्रे धरली तरी ही सेकंदाला ३,१८० चित्रे होतात, आणि दर वेळची १०६ चित्रे अगदी एकाच क्षणी टिपलेली हवीत. इंटेलने लॉस एंजेलिसमध्ये १०,००० चौरस फुटांचा घुमट उभारला आणि २०२० मध्ये बंदही केला. तंत्र चालले, धंदा चालला नाही.

थोडक्या कॅमेऱ्यांत काम भागवायचे तर प्रेक्षकाची मोकळीक आखडती घ्यावी लागते. शिवजयंतीच्या रात्री बेळगावच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या चित्ररथांवरचे सजीव देखावे असेच असतात : समोरून आणि थोडे डाव्या-उजव्या अंगाने पाहावे, मागे गेले की बांबू आणि जनरेटर. गुगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ सेंटिमीटरच्या अर्धगोलावर ४६ कॅमेरे लावून टिपलेली दृश्ये याच जातीची. त्यांत डोके मोकळेपणी हलवता येते, खोलीभर फिरता येत नाही; आणि बसून पाहणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

खोलीभर फिरण्यातही अडचण खोलीचीच. दहा बाय बाराच्या माजघरात तीन पावलांवर भिंत येते. हातातल्या कळीने पुढे सरकले तर डोळे ‘चाललो’ म्हणतात, कानातला तोलाचा अवयव ‘बसलो’ म्हणतो, आणि पोटात ढवळते. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंदांहून जास्त गेले तरी काहींना तसेच होते. चालणाऱ्याच्या नकळत त्याची वाट वळवण्याची युक्ती २००१ पासून ठाऊक आहे. पण वळण कळू नये तर ते निदान २२ मीटर त्रिज्येचे हवे, असे प्रयोगांत आढळले. म्हणजे ४४ मीटर रुंदीचे दालन. सीमाभागातल्या घराचे सोडाच, मंगल कार्यालयातही ते सहजी सापडायचे नाही.

या तंत्राची सगळ्यात कडक परीक्षा घ्यायची तर ती आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा येळ्ळूरच्या मैदानावर. कुस्ती ही मुळात चहूबाजूंनी पाहायची गोष्ट. हौद्याभोवती बसलेला प्रत्येक जण आपापल्या अंगाची कुस्ती पाहून घरी जातो. घनचित्रणाला याहून लायक विषय नाही आणि याहून अवघडही नाही. सलामीला पैलवान उजळ असतात, पाच मिनिटांत अंगाला लाल माती लागून ते हौद्याच्याच रंगाचे होतात, आणि पार्श्वभूमीपासून माणूस वेगळा काढणारे सॉफ्टवेअर गडबडते. उडालेली माती, भिजलेले केस, लंगोटाची पट्टी असे बारीक आणि विरळ काही असले की आकार फाटतो. ढाक किंवा धोबीपछाड पडताना दोन चित्रांमधल्या ३३ मिलिसेकंदांत खांदा कुठच्या कुठे गेलेला असतो. दोघे एकमेकांत गुंतले की कोणता हात कोणाचा हे संगणकाला कळत नाही. तो दोघांचा मिळून एकच गोळा बांधतो.

राहिला मैदानावरचा नेहमीचा वाद : पाठ लागली की नाही. चौफेर टिपलेली कुस्ती दाखवली की हा वाद मिटेल असे वाटते, आणि बराचसा मिटेलही. पण खांद्याचे फरे मातीला टेकतात ती नेमकी जागा एकाही कॅमेऱ्याला दिसत नाही. वरून पैलवान झाकतो, खालून माती. तिथला भाग संगणक आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अदमासाने भरतो, आणि तो इतका सफाईने भरतो की पडद्यावर कुठे पाहिले होते आणि कुठे कल्पिले हे ओळखू येत नाही.