‘नो सिग्नल’ म्हणतोय, म्हणजे मॉनिटर जिवंत आहे

“डिस्प्ले गेला, सिग्नलच येत नाहीये.” रामबाग असो की सुदामानगर, कुणाचाही जुना संगणक रुसला की मला फोनवर हेच वाक्य ऐकू येतं. या एका वाक्यात दोन निराळे आजार दडलेले असतात आणि त्या घोळापायी धडधाकट मॉनिटर भंगारात जातात. मला ते बघवत नाही.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं उमटत असतील, तर आतला वीजपुरवठा, पॅनल (चित्र उमटवणारी काच) आणि पॅनलमागचा उजेड हे तिन्ही चालू आहेत. नाहीतर अक्षरं दिसली असती कशी? केबलमधून काही येत नाही, एवढीच त्याची तक्रार. थोड्या वेळानं तो झोपतो, आणि बटणाजवळचा बारीक दिवा बहुतेक मॉनिटरांत नारिंगी होतो किंवा लुकलुकतो.

दुसरा आजार मुका. पडदा काळाठिक्कर, एक अक्षर नाही, पण तो बारीक दिवा हिरवा किंवा निळा, अगदी स्थिर. इथे सिग्नल बहुधा पोचलेला असतो, चित्रही उमटलेलं असतं, गेलेला असतो तो मागचा उजेड. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. आयकॉन पुसटसे दिसले की निदान झालं. एलईडीच्या आधीच्या मॉनिटरांत पॅनलमागे बारीक ट्यूबा असतात. त्या ट्यूबा किंवा त्यांना वीज देणारं आतलं सर्किट, म्हणजे इन्व्हर्टर, थकलं, की सुरू करताच दोन सेकंद चित्र येतं आणि गडप होतं. या दोन सेकंदांनाच लोक ‘सिग्नल तुटतोय’ म्हणतात आणि केबलमागून केबल बदलत बसतात. केबलचा इथे काडीचा संबंध नाही. मात्र मॉनिटरचं झाकण स्वतः उघडू नका. इन्व्हर्टर शेकडो व्होल्टवर चालतो, आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ती उरते.

अजून शंका असेल तर केबल मॉनिटरमधून काढा आणि तो नुसता सुरू करा. काहीतरी सूचना झळकली, तर दोष बाहेर शोधा.

बाहेर म्हणजे आधी संगणकाकडून चित्र आणणाऱ्या केबलच्या त्या निळ्या व्हीजीए प्लगमध्ये. तीन ओळींत 15 पिना. 1, 2, 3 या लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या; त्यातली एक वाकली तर नुसता रंग बिघडतो. पण 13 किंवा 14 वाकली की सिंक, म्हणजे चित्राची वेळ जुळवणारा इशारा, जातो आणि चित्रच येत नाही. माझ्या आत्याला दुकानदारानं नवा मॉनिटर घ्यायला सांगितलं होतं. मी प्लग उजेडात धरला, तर खालच्या ओळीतली एक पिन आडवी झोपलेली. संपलेल्या रिफिलची रिकामी नळी तिच्यावर चढवून हळूच उभी केली, आणि चित्र आलं. 9 नंबरची जागा रिकामी दिसली तर घाबरू नका, पुष्कळ केबलींत ती पिन मुळातच नसते.

‘आउट ऑफ रेंज’ हे तिसरंच: सिग्नल आहे, पण मॉनिटरला झेपत नाही. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जुजबी सोयींसह, सुरू करून रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) उतरवा.

आणि केबल ठीक असूनही ‘नो सिग्नल’च असेल, तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत नसेल, तर संगणकच सुरू होत नाहीये. संगणकाचा विजेचा प्लग काढा, त्याच्या आतली रॅम (मेमरीची पट्टी) उपसा, तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसा, नीट दाबून बसवा.