बोअरचं पाणी आणि रेशमाचा रंग

घरी रेशीम रंगवायचं ठरलं की आपण आधी रंग शोधतो, मग कृती शोधतो, आणि पाणी मात्र नळाला येईल ते घेतो. खान्देशात नेमकं इथंच बिनसतं. मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यावर बेतलेली कृती जळगाव-धुळ्याकडच्या बोअरच्या पाण्यात केली की रंग मळका उतरतो, नाहीतर कुठं गडद, कुठं फिका. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्या पाण्यात रंग निमूट बसावा ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

रेशीम म्हणजे प्रथिन. कोशाच्या धाग्यात आत फायब्रॉइन असतं आणि बाहेरून सेरिसिनचा चिकट थर. कच्च्या धाग्याच्या वजनात या थराचा वाटा साधारण पाव. बाजारातल्या मऊ, चकचकीत रेशमातून तो आधीच काढलेला असतो. उरलेल्या फायब्रॉइनच्या साखळीवर अधूनमधून अमिनो गट असतात. पाणी आंबट झालं की हे गट हायड्रोजनचा आयन उचलून घेतात आणि त्यांच्यावर धन प्रभार येतो. ‘ॲसिड डाय’ म्हणून मिळणाऱ्या रंगांच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते धाग्याकडे ओढले जातात. कृतीत व्हिनेगर असतं ते यासाठी. सुती कापडाचं गणित वेगळं. तिथं सेल्युलोज असतं, रिॲक्टिव्ह रंग आणि धुण्याचा सोडा लागतो. तोच सोडा गरम पाण्यात रेशमाला लागला तर चकाकी जाते आणि धागा कमजोर होतो.

रेशमावर ऋण प्रभाराच्या जागाही असतात, म्हणून उलट स्वभावाचे, म्हणजे धन प्रभाराचे रंगही त्याला चालतात. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि हाती असाच एक जांभळा रंग आला, तो त्यानं रेशमावरच लावून पाहिला. रेशमावर तो सहज बसला. सुतासाठी मात्र टॅनिनची, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याची, मदत घ्यावी लागली.

आता आपलं पाणी. काळ्या पाषाणातून, तापीकाठच्या गाळातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार सोबत घेतं आणि जड होतं. बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतं, त्यामुळे दोन चमचे व्हिनेगर ओतूनही पाणी म्हणावं तितकं आंबट होत नाही. शिवाय कॅल्शियम काही रंगांना धरून त्यांचा गाळ करतं, आणि हा गाळ कापडावर ठिपक्यांनी बसतो.

तपासायला प्रयोगशाळा नको. कुंकू करताना हळदीला चुना लावतात, तिथं जे घडतं तेच इथं वापरायचं: हळदीतलं करक्युमिन अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पाण्यात, लाल होतं. जाड पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून तो वाळवा. बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा आणि थंड झाल्यावर त्याचा थेंब कागदावर टाका. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अधिक अल्कधर्मी होतं. कागदावर लालसर छटा आली तर व्हिनेगर सढळ हातानं घालावं लागेल. उकळण्याचा दुसरा फायदा असा की बराचसा कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी कपड्यातून गाळून घ्या. लहान रुमालापुरतं पाणी हवं असेल तर सरळ आरओचं किंवा पावसाचं वापरा.

कापड खरंच रेशीम आहे का, हेही बघून घ्या. कडेचे दोन-चार धागे जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी काळी राख असेल तर रेशीम. कागदासारखं भुरकन जळलं तर रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दुकानात ‘आर्ट सिल्क’ म्हणून मिळतं ते बहुधा या शेवटच्या दोहोंपैकीच.

रंगवताना स्टीलचं पातेलं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. ओलं रेशीम कोमट रंगपाण्यात सोडा, आच हळूहळू वाढवा, ८०-८५ अंशांवर थांबा. उकळी फुटू द्यायची नाही. घाईनं तापवलं तर जिथं रंग आधी पोचतो तिथंच तो घट्ट बसतो आणि चट्टे पडतात. सगळं जुळलं तर बघण्यासारखी गोष्ट घडते: गडद निळं पाणी अर्ध्या-पाऊण तासात फिकट होत जातं, शेवटी पातेल्याचा तळ दिसायला लागतो. रंग सगळा कापडात गेलेला असतो. तळ दिसलाच नाही तर आम्ल कमी पडलंय, नाहीतर रंग जास्त झालाय.

मिठाचा खेळ मला याहून आवडतो. चौकटीवर ताणलेल्या रेशमावर पातळ रंग फिरवायचा आणि तो ओला असतानाच जाड मिठाचे खडे टाकायचे. खडा भोवतालचं पाणी ओढतो, पाण्याबरोबर रंगही सरकतो, आणि प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. हा खेळ ओलाव्यावर चालतो, म्हणून मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, भुसावळच्या गच्चीवर तो करू नये. मीठ आपलं काम सुरू करायच्या आत कापड सुकतं आणि सुकता सुकता रंग कडेला गोळा होऊन काळपट रेघ मारतो. श्रावण बरा.

झाडपाल्याच्या रंगांना बहुधा तुरटी लागते, कापडाच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूनं धागा आणि दुसऱ्या बाजूनं रंग धरून ठेवतं. कांद्याच्या साली तुरटीवर सोनेरी पिवळ्या उतरतात, चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) घातलं की हिरवट होतात. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पळस पेटतो, त्याच्या फुलांचा केशरी-पिवळा रंगही रेशीम घेतं. रावेर-यावलकडे केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मभर जात नाही. तेही खरं तर रंगकामच आहे. चिकातली पॉलिफेनॉल हवेत काळवंडतात आणि धाग्याला चिकटतात.

मंजिष्ठेच्या मुळांना मात्र आपलं जड पाणीच मानवतं. त्यांचा लाल रंग ॲल्युमिनियमबरोबर कॅल्शियमही धरतो आणि मऊ पाण्यापेक्षा अधिक खुलतो.

रंगवलेलं रेशीम रिठ्यानं धुवा. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होऊन कापडावर बसतो, रिठ्याच्या फेसाचा होत नाही. वाळवायचं सावलीत. एवढं करूनही हळदीचा पिवळा उन्हानं उडणारच, त्याला इलाज नाही.