दुसरा गिअर का उडतो?

‘गाडी गिअर सोडते’ अशी तक्रार घेऊन गेलात तर जाणता मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी विचारतो, कुठला गिअर? मग विचारतो, रेस देताना सोडते की रेस कमी केल्यावर? एवढ्यावर त्याला निम्मं इंजिन न खोलताच दिसलेलं असतं.

माझी दीडशे सीसीची जुनी मोटारसायकल खंबाटकीच्या चढाला दुसऱ्यात असताना गिअर सोडायची. खाडकन आवाज, लिव्हरचा पायाच्या बोटांना टोला, इंजिन किंचाळतंय आणि गाडी थांबायच्या बेतात. मागे ट्रक. मला आधी वाटलं, क्लच प्लेटा गेल्या. पण क्लच घसरतो तेव्हा धक्का बसत नाही. इंजिनचा आवाज चढत जातो, गाडी ओढ धरत नाही आणि गिअर मात्र जागेवर असतो. इथे तो चक्क बाहेर पडत होता.

गिअर उडतो म्हणजे दाते एकमेकांतून निसटतात, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा. फक्त प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो, बैलगाडीचं चाक आसावर फिरावं तसा. गिअर टाकायचा म्हणजे या मोकळ्या गिअरला शाफ्टशी बांधायचं. ते काम करतात ‘डॉग’. शेजारच्या सरकत्या गिअरच्या अंगावर असे काही बुटके ठोकळे असतात. ते मोकळ्या गिअरच्या खाचांत शिरले की दोघं एकत्र फिरू लागतात. सरकत्या गिअरला ढकलतो तो फोर्क, आणि फोर्कला हलवतो खोबणी पाडलेला ड्रम. आपण लिव्हर दाबतो तेव्हा हा ड्रम थोडासा फिरतो. तो प्रत्येक गिअरला नेमका थांबावा म्हणून त्याच्या टोकाला चांदणीसारखी चकती आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला छोटा रोलर असतो.

ही स्प्रिंगच गिअर धरून ठेवत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तिच्यात तेवढा दम नसतो. खरी पकड असते डॉगच्या अंगाच्या तिरकेपणात. डॉगची बाजू काटकोनात उभी नसते. डॉग मुळाशी किंचित अरुंद आणि टोकाशी किंचित रुंद असतो, म्हणजे बाजू काही अंशांनी आत कललेली असते. त्यामुळे जोर आला की डॉग खाचेत आणखी आत ओढला जातो.

किती? ढोबळ हिशेब करू. दीडशे सीसीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १३ न्यूटन-मीटर असतो. वेग घटतो तसा टॉर्क वाढतो; क्लचच्या आधीची घट आणि दुसऱ्या गिअरची घट मिळून तो सातपट झाला असं धरू, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर ९० च्या आसपास. डॉग मध्यापासून २ सेंटिमीटरवर असतील तर त्यांच्यावर मिळून ४,५०० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंहून जास्त भार येतो. बाजू ३ अंश आत कललेली असेल तर यातला सुमारे २३५ न्यूटनचा हिस्सा, २४ किलोंएवढा, गिअरला आत खेचत राहतो. आता हाच कोपरा झिजून गोल झाला आणि टेकण्याची जागा ३० अंश बाहेरच्या बाजूला कलली, तर तोच भार अडीच हजार न्यूटनांनी गिअरला बाहेर ढकलू लागतो. त्यातलं बरंचसं घर्षण खातं. उरतं ते थेट फोर्कवर येतं, आणि बिचारी स्प्रिंग बघत राहते. चढावरच, भरपूर रेस दिल्यावरच गिअर का उडतो, याचं उत्तर यात आहे.

रेस देताना डॉगची एक बाजू खाचेला टेकते, रेस सोडल्यावर दुसरी. म्हणून मिस्त्रीचा तो दुसरा प्रश्न. उतारावर रेस सोडल्यावर गिअर उडत असेल तर झीज पलीकडच्या बाजूला आहे.

दुसऱ्याच गिअरवर ही पाळी जास्त का? एक तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल ओलांडावा लागतो. पाय अर्धवट दाबला की डॉग खाचेत पूर्ण न शिरता कोपऱ्यावरच लटकतात. शिवाय पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर सहसा सगळ्यांत मोठं, म्हणून भिडताना वेगातला फरकही मोठा. कोपऱ्यावर कोपरा आदळतो. लिव्हरवर सतत पाय ठेवून चालवणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी, त्यांचा फोर्क दिवसभर गिअरला घासत असतो.

इंजिन उतरवण्याआधी मात्र वरवरच्या गोष्टी पाहाव्यात. गाडी पडून लिव्हर वाकला असेल आणि कव्हरला अडत असेल, किंवा त्याच्या भोकातल्या, शाफ्टला पकडणाऱ्या रेघा झिजून तो सैल झाला असेल, तर ड्रम पूर्ण फिरतच नाही. रोलरची स्प्रिंग तुटली असेल तर बऱ्याच गाड्यांत क्लचकडचं कव्हर काढून ती बदलता येते. उजवीकडे गिअर असलेल्या जुन्या चार-गिअरी बुलेटमध्ये तर गिअरबॉक्सच्या कव्हरखाली एक पट्टीच दिलेली आहे; दोन नट ढिले करून ती थोडी सरकवली की गिअर नीट बसू लागतो. बजाज चेतकला डॉग नव्हतेच, तिथे मागच्या चाकाच्या शाफ्टवर चार हातांचा ‘गिअर क्रॉस’ सरकायचा. पण रोग तोच: क्रॉसच्या कडा गोल झाल्या की गिअर उडायचा. अर्थात आधी गिअरच्या केबल सैल आहेत का ते बघायचं.

माझ्या गाडीत यातलं काहीच निघालं नाही. हेड, सिलिंडर, क्लच, मॅग्नेट काढून इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उघडली. दुसऱ्या गिअरच्या डॉगवर मिस्त्रीने नख फिरवलं. चांगल्या कोपऱ्यावर नख अडतं, इथे ते साबणावरून घसरावं तसं गेलं. फोर्कचं एक टोक निळसर झालं होतं. पोलाद तापलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि पाण्यावरच्या तेलासारखे रंग दिसू लागतात. निळा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा. एवढ्या उष्णतेत पोलादाचा कडकपणा कमी होतो. म्हणजे तो फोर्क केवळ झिजला नव्हता, मऊही पडला होता.

‘वेल्डिंग मारून घासून देऊ’ असा सल्ला शेजारच्या दुकानातून आला. तो मानला नाही ते बरं झालं. गिअरचा फक्त वरचा थर, मिलिमीटरहून कमी जाडीचा, मुद्दाम कडक केलेला असतो आणि वेल्डिंगची उष्णता तोच मारून टाकते. आम्ही डॉगवाला आणि खाचेचा असे दोन्ही गिअर बदलले. नवा डॉग जुन्या गोल झालेल्या खाचेत बसवला तर तिरकेपणा जुळत नाही आणि नवाही लवकर गोल होतो. फोर्क नवा घातला. सर्क्लिप, म्हणजे शाफ्टवर गिअर जागेवर ठेवणारी कडी, तर एकदा काढली की परत वापरायचीच नाही.

केस बंद करण्याआधी मिस्त्रीने एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्याने ड्रम हलवून पाचही गिअर टाकले आणि काढले. दुसऱ्याला थोडा अडखळला. एक वॉशर उलट्या क्रमाने बसला होता. पुन्हा सगळं काढलं. संध्याकाळचे सात वाजले होते, आणि गॅस्केट पेस्टची ट्यूब अजून उघडायची होती.