आतली सूज आणि मनाची मरगळ : पार्श्वभूमी

कोल्हापुरात डॉक्टरनं ‘सीआरपी करून घ्या’ म्हटलं की हमखास कुणीतरी विचारतं, ‘म्हणजे सीपीआरला जायचं?’ सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सीआरपी ही सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन या प्रथिनाची रक्ततपासणी. अंगात दाह असला, म्हणजे कुठं आतून सूज असली, की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. संधिवाताच्या पेशंटला ही तपासणी जुनीच. नैराश्याच्या चर्चेत मात्र ती बरीच उशिरा आली.

दाहाची लक्षणं तशी घरातलीच. कणकण आली की माणूस वाकळ ओढून भिंतीकडं तोंड करतो. तांबडा-पांढरा समोर आला तरी वास नको, पोरांचा आवाज नको. गोठ्यातली आजारी म्हैसही वैरणीला तोंड लावत नाही. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकानं मांडलं की जनावराचं असं पडून राहणं हा नुसता अशक्तपणा नव्हे. जंतूंशी झुंजायला शरीरानं केलेली ती काटकसर आहे. तीन वर्षांनी रोनाल्ड स्मिथ या संशोधकानं पुढची उडी घेतली : दाहात प्रतिकारपेशी सोडतात त्या सायटोकाइन रसायनांतूनच नैराश्य येत असावं. तेव्हा हा निव्वळ तर्क होता.

त्याला बळ मिळालं एका औषधाच्या त्रासातून. इंटरफेरॉन हे स्वतःच सायटोकाइन. कावीळ ‘सी’ आणि काही कर्करोगांत ते टोचायचे, आणि आधी ठणठणीत मनाची माणसंही काही आठवड्यांत उदास व्हायची. २००१ मध्ये मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना इंटरफेरॉनच्या आधीपासून नैराश्यावरची गोळी सुरू केली, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्या २० पैकी ९ जणांना नैराश्य आलं, खऱ्या गोळीवाल्या १८ पैकी फक्त २ जणांना. आकडे लहान, पण फरक डोळ्यांत भरणारा.

मग दाह उतरवला तर उदासीही उतरेल? २०१३ मध्ये अटलांटात, नैराश्याच्या गोळ्यांनी फरक न पडलेल्या ६० जणांवर संधिवातातलं दाह उतरवणारं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, वापरून पाहिलं. सरसकट बघता ते दिखाऊ औषध म्हणून दिलेल्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांची सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर होती, त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत कामाचा धडा या फसलेल्या प्रयोगातच आहे : दाहाचा संबंध असलाच तर तो सगळ्यांच्या नैराश्यात नाही, काहींच्याच. व्हॉट्सअॅपवर हळद-दुधाचे उतारे फिरवणारे नेमकं हेच गाळतात.

शिवाय सीआरपी हिरड्या सुजल्या तरी वाढते, वजन वाढलं तरी वाढते. नुसत्या तिच्यावरून नैराश्याचं निदान होत नाही.