गिळलेल्या बीचे पोटात झाड होते का?

‘फळाची बी गिळली, तर पोटात झाड उगवते,’ हे लहानपणी बहुतेकांनी ऐकलेले असते. ओल आणि ऊब मिळाली की बी रुजते, आणि पोटात दोन्ही असतात. त्यामुळे मुलांना ते पटते, यात नवल नाही.

तरीही बी तेथे रुजत नाही. याचे कारण म्हणून अनेकदा पोटातील अंधार सांगितला जातो, पण ते बरोबर नव्हे, कारण मातीखालीही अंधारच असतो. खरी अडचण अशी, की अंकुर फुटण्यासाठी बीला श्वसन करावे लागते आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू आतड्यांत जवळजवळ नसतो. शिवाय जठरातील रस तीव्र आम्लधर्मी असतो. मुक्कामही थोडाच, कारण अन्न साधारणपणे 1 ते 3 दिवसांत शरीराबाहेर पडते. कठीण सालीची बी मात्र या प्रवासात अनेकदा शाबूत राहते आणि बाहेर आल्यावर मातीत रुजूही शकते. पक्ष्यांमार्फत कितीतरी झाडांचा प्रसार असाच होतो.

पडताळणी घरीच करता येते. दोन वाट्यांत ओल्या कापसावर एकाच कडधान्याचे दाणे ठेवावेत, एका वाटीतील कापूस पाण्याने आणि दुसरीतील व्हिनेगरने भिजवावा. पाण्यातील दाण्यांना काही दिवसांत मोड येतात, व्हिनेगरमधील दाणे तसेच राहतात.

मोठी बी किंवा कोय लहान मुलांच्या घशात अडकू शकते, हा धोका मात्र खरा आहे.