विद्यापीठाच्या मल्टिमीडिया लॅबमध्ये आपला पाठ तयार करताना : शिक्षक व शाळांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांना डिजिटल पाठ तयार करण्यात साहाय्य करताना त्यांची एक अडचण आम्हांला वारंवार दिसते. महाराष्ट्रात तयार झालेल्या डिजिटल पाठांची भाषा आपली असते, पण ते बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. कर्नाटकात तयार झालेले पाठ आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतात, पण ते बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात. मराठीतून एसएसएलसीची (कर्नाटकातील दहावीची) परीक्षा देणाऱ्या मुलाला त्याच्या पुस्तकाचा, त्याच्या भाषेतला पाठ हवा असेल, तर तो आपल्याच शिक्षकांनी तयार करायला हवा. त्यासाठी लागणारा आवाजबंद स्टुडिओ, कॅमेरे आणि संपादनाचे संगणक शाळेने विकत घेण्याची मात्र गरज नाही, कारण अशी सामग्री विद्यापीठांच्या मल्टिमीडिया लॅबमध्ये असते आणि रीतसर विनंती केल्यास ती बाहेरच्या शिक्षकांना वापरायला मिळू शकते.

चौकशी कोठे करावी

भूतरामनहट्टी येथील राणी चन्नम्मा विद्यापीठ (स्थापना २०१०) आणि बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (स्थापना १९९८) आपल्या जिल्ह्यातच आहेत. निपाणीकरांना कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ सुमारे ४० किलोमीटरवर, म्हणजे बेळगावपेक्षा जवळ पडते. अशी लॅब कोठे पत्रकारिता विभागाकडे असते, तर कोठे संगणकशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र विभागाकडे, म्हणून पहिली चौकशी कुलसचिव कार्यालयात करावी. मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रात इयत्ता, विषय, पाठांची संख्या, हवे असलेले दिवस आणि साहित्य विनामूल्य वाटले जाणार आहे की नाही, एवढे स्पष्ट असावे. सत्र परीक्षांच्या काळात लॅब विद्यार्थ्यांसाठी राखलेली असते. त्या दिवसांत विनंती न केलेली बरी.

लॅबमध्ये जाण्यापूर्वीचे काम

आमच्या मते खरे काम येथेच होते आणि बहुतेक शिक्षक याच कामाला सर्वांत कमी वेळ देतात. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावर व्हिडिओ पाहिल्याच्या लाखो नोंदींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना २०१४ मध्ये असे आढळले की व्हिडिओ सहा मिनिटांपलीकडे गेला की विद्यार्थी तो पुरता पाहत नाहीत. शांतपणे मराठी बोलणारा शिक्षक मिनिटाला साधारण ११० शब्द उच्चारतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणजे सहा मिनिटांच्या पाठाची संहिता साडेसहाशे शब्दांच्या आसपास असावी. चाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर घेण्याऐवजी त्यातील एकच कल्पना निवडावी.

उदाहरणार्थ, नद्यांच्या धड्यातून केवळ मलप्रभा घ्यावी. तिचा उगम खानापूर तालुक्यातील कणकुंबीला आहे. तेथील झऱ्याचे दृश्य मोबाइलवर आधीच टिपून आणावे, नविलुतीर्थच्या धरणाचे छायाचित्र घ्यावे आणि कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते, तो शेवट नकाशावर दाखवावा. खानापूरच्या मुलाला आपल्या गावाजवळचे पाणी पडद्यावर दिसले की नकाशावरची निळी रेघ त्याच्यासाठी जिवंत होते. दृश्यासोबत निवेदन चालू असताना तीच वाक्ये पडद्यावर लिहू नयेत. रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून अशा दुहेरी माऱ्याने समज कमी होते असे दिसले आहे. पडद्यावर केवळ नावे आणि नवे शब्द द्यावेत. संहिता पक्की असल्यास त्याच दृश्यांवर कन्नड निवेदनही चढवता येते आणि शेजारच्या कन्नड शाळेलाही पाठ उपयोगी पडतो.

सर्व मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे ओळखली जातील अशा प्रमाणित पद्धतीत, टंकलिखित करून न्यावा. सुरुवातीच्या काळात आम्ही एका शिक्षकांच्या टिपणांची फाइल जुन्या फॉन्टमध्येच लॅबमध्ये नेली. तेथे ती उघडताच अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसली आणि मिळालेली अख्खी दुपार पुन्हा टंकनात गेली. तेव्हापासून प्रत्येक फाइल आम्ही आधी रूपांतरित करतो आणि ‘ऱ्य’, ‘ळ’, पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ नीट उमटतात की नाही, ते डोळ्यांखालून घालतो.

चित्रीकरणाचा दिवस

हिरव्या पडद्यासमोर हिरवे काहीही घालू नये. संगणक हिरवा रंग काढून त्या जागी नकाशासारखे दुसरे चित्र बसवतो, त्यामुळे बाईंच्या हातात हिरवा चुडा असेल, तर मनगटाच्या जागी मागचा नकाशा दिसू लागतो; शिवाय बांगड्यांची किणकिण कॉलरच्या माइकमध्ये स्पष्ट येते. अशा वेळी त्या दिवसापुरते साध्या पडद्यासमोर उभे राहण्याची विनंती करावी, चुडा उतरवायला कोणालाही सांगू नये. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि १/५० सेकंद शटर यावर ठेवावा. अन्यथा चित्रात प्रकाश लुकलुकतो.

आवाजाची बाजू मात्र लॅबवर सोपवावी. आषाढात खानापूरच्या पत्र्याच्या शाळेत पावसाखाली ध्वनिमुद्रण करणे अशक्य असते, आणि चित्र थोडे धूसर असले तरी मुले पाहतात, पण अस्पष्ट आवाज ऐकत नाहीत.

हक्क आणि परवानगी

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात दुसऱ्याच्या साहित्याचा उपयोग करण्यास काही सूट आहे. तोच पाठ इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवताना तेवढ्यावर विसंबू नये. चित्रे स्वतः काढावीत किंवा मुक्त परवान्याची घ्यावीत. पाठाचा हक्क शिक्षकाचा, शाळेचा की विद्यापीठाचा, हे चित्रीकरणापूर्वीच लेखी ठरवावे, कारण कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते आणि त्यात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. मुले दिसणार असतील, तर पालकांची संमती घ्यावी.

आमचे साहाय्य

संहिता तपासणे, युनिकोड रूपांतर, विनंतीपत्राचा मसुदा, लॅबमध्ये सोबत येणे आणि नंतरचे संपादन ही कामे आम्ही करतो. एखाद्या शाळेला यांतील एकच काम हवे असेल तरी चालते. लॅबमधून निघण्यापूर्वी मूळ चित्रीकरण आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे, कारण तेथील संगणक वेळोवेळी रिकामे केले जातात. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हेही आधी पाहावे. तयार पाठ एमपी४ स्वरूपात दिला जातो आणि तो आपल्या शाळेतील टीव्हीवर, आपल्याच पेन ड्राइव्हमधून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येईल असा चालवून पाहिल्यानंतरच आम्ही काम पूर्ण झाले असे धरतो.